मार्थाचा मोगरा कोण खुडत होतं?

मंडळी, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. उलट भुतांनीच माझ्यावर विश्वास ठेवू नये असा आमच्या भागात माझा लौकिक आहे. घाटात म्हणे पांढऱ्या साडीतली बाई गाड्यांना हात करते... मी कांद्याचा टेम्पो मुद्दाम तिथं थांबवून हॉर्न वाजवला होता. चिटपाखरू आलं नाही. (नंतर चहाच्या टपरीवर मी सांगितलं की ती आली, पुढच्या सीटवर बसली आणि पाथर्डीपर्यंत माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होती. ते सोडा.)

तर हे वाचून गावाकडचे जुने लोक म्हणणार, सुरू झाला सायमन. म्हणू देत. जन्मभर थापा मारल्या तर लोक माना डोलावून ऐकायचे, आणि जे खरोखर घडलं ते सांगायला लागलो की घड्याळ बघतात. हा वैताग तुम्हाला कळायचा नाही.

जागा नीट सांगतो. नगरहून पाथर्डीकडे निघालं की करंजीचा घाट लागतो, मग तिसगाव. तिसगावच्या बाजारातून आत खडीच्या रस्त्याला लागलं की ओढ्यापलीकडे आमची वस्ती. निम्मी घरं आम्हा कॅथलिकांची, निम्मी मराठ्यांची आणि वंजाऱ्यांची. मधोमध पत्र्याचं छोटं चर्च, त्यामागे टेकाडावर कब्रस्तान. पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे ढग आला की लोक बाहेर येऊन त्याला बसायला चटई टाकतात. अशा ठिकाणी माझ्या बायकोने, मार्थाने, बाग केली होती.

बाग म्हणजे काय, तर अंगणाच्या कडेने शेवंती, दोन गुलाब, तेलाच्या डब्यांत लावलेली किरकोळ रोपं आणि न्हाणीच्या मागे मोगरा. तो मोगरा झुडूप राहिला नव्हता, त्याची म्हैस झाली होती. कारण त्याला माझ्या आंघोळीचं पाणी जायचं. मला साबण लावायला मनाई. साबण झाडाला चालत नाही म्हणे. बाहेरगावी पाहुण्यांकडे गेलो की मी आधी न्हाणीत शिरून साबणाची अख्खी वडी संपवायचो, लोकांना वाटायचं याला काहीतरी त्वचेचा रोग आहे.

आणि फुलं कुणाला? मला नाही, घराला नाही. दर शनिवारी संध्याकाळी सगळी फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून चर्चच्या वेदीसाठी. मार्थाची भक्ती अशी की मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली तर तिला जेवण जात नसे. पण तिच्या भक्तीचा खरा कडेलोट व्हायचा तो उपवासकाळात. आमच्यात राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपवासकाळ पाळतात. त्या दिवसांत वेदीवर फुलं ठेवत नाहीत. नियम एवढाच, वेदीपुरता. मार्थाने तो वाढवून आमच्या अंगणापर्यंत आणला होता. वेदी फुलांवाचून उघडी असताना तिच्या घरी फूल उमलता कामा नये. आता मोगऱ्याला हे कोण सांगणार? त्याचा बहर नेमका त्याच दिवसांत. तर ही रोज सकाळी झाडाभोवती फिरून प्रत्येक कळी खुडायची आणि झाडाच्या मुळाशी खालच्या बाजूला तोंड करून ठेवायची. ईस्टर जवळ आला की खुडणं बंद. मग झाड असं पेटून उठायचं की सणाच्या सकाळी पाटीभर फुलं.

मी एकदा म्हटलं, अगं, देवाने फुलवलेलं तू खुडतेस, हे कुठल्या धर्मात बसतं? तर म्हणाली, "प्रभू वाळवंटात उपाशी, आन् आपून वास घेत बसायचं व्हय?" मी टेम्पो काढून नगरला निघून गेलो. वादात हरलो की मी नगरला जात असे. त्या हिशोबाने माझे नगरचे फार हेलपाटे झाले.

मग तिला सांधेवात धरला. सात-आठ वर्षं. आधी गुडघे, मग मनगटं, मग बोटं. उजव्या हाताचं पहिलं बोट तर काठीसारखं ताठ झालं. तरी खुडणं सुटलं नाही. ते बोट बाजूला ठेवून अंगठा आणि मधल्या बोटाच्या नखांत ती कळी धरायची, म्हणून देठ तिरका तुटायचा आणि त्याला सालीचा एक धागा लोंबत राहायचा. पुढे दुखण्याच्या गोळ्यांनी किडन्या गेल्या. खाटेवर आडवी झाली तरी तिची खाट मोगरा दिसेल अशी न्हाणीकडच्या पडवीत. शेवटच्या दोन वर्षांत खुडायचं काम माझ्यावर आलं. मी कात्रीने कापायचो आणि ती खाटेवरून माझ्या चुका काढायची... तो मागचा फांदा राहिला, ती कळी चिरडली, कात्री झाडाला लागली.

पंच्याण्णव साली नाताळ झाला आणि जानेवारीत एका दुपारी ती गेली.

जानेवारीत मोगरा कुठून असणार? शेवंती निगराणी नसल्यामुळे वाळून गेलेली. पेटीवर तिसगावच्या बाजारातला झेंडू घातला, तोही शिळा. जिने तीस वर्षं दुसऱ्यांना फुलं पुरवली तिच्या अंगावर शिळा झेंडू. माझं डोकं फिरलं. माती लोटून झाली तेव्हा मी सगळ्यांदेखत, फादर समोर उभे असताना, मोठ्याने बोललो की यंदाच्या मोगऱ्याचं पहिलं फूल हिचं. वेदीचं नाही. ईस्टर असो नाहीतर आणखी काही असो, या झाडाची फुलं आधी या मातीवर पडतील.

माझा राग खरं तर झेंडूवर नव्हता. ज्याच्यापुढे ती दर शनिवारी फुलं पाठवत होती त्याने एकदा तरी तिच्या बोटांकडे बघायचं होतं. एवढंच माझं म्हणणं. फादरांना हे मी आधीही विचारलं होतं. फादर मंगळूरकडचे, मराठी एकदम पुस्तकी. त्यांनी नुसता माझा हात धरला. मला हात नको होता, उत्तर हवं होतं.

मग मी झाडाच्या मागे लागलो. मेंढरू भादरावं तसा मोगरा भादरला. शेणखत घातलं. पुन्हा बिनसाबणाची आंघोळ सुरू केली, स्वखुशीने. राखेचा बुधवार उजाडला, कपाळावर राख लावून घेतली आणि घरी आलो तर झाडावर पहिल्या कळ्या. पांढऱ्या, टपोऱ्या. मी खूश. मेव्हण्याला, म्हणजे मार्थाच्या धाकट्या भावाला, याकोबला बोलावून दाखवल्या. उद्या उमलतील, कब्रस्तानात नेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही कळी झाडावर नाही. सगळ्या मुळाशी, तोंड खाली.

मी म्हटलं बकरी. शेजारच्या हिराबाईची बकरी म्हणजे चालतं फिरतं संकट, तिने एकदा माझ्या टेम्पोचं सीट-कव्हर खाल्लं होतं. हिराबाई म्हणाली, भावजी, माझी बकरी कळ्या खुडून रांगंत ठिवती आसं म्हनायचंय का तुमाला? मुद्दा बिनतोड होता. मग म्हटलं अळी. तिसगावच्या औषधाच्या दुकानदाराने एक फवारा दिला. तो मी असा मारला की आमच्या छपरातल्या पाली स्थलांतर करून ओढ्यापलीकडे गेल्या. नव्या कळ्या आल्या. त्याही मुळाशी. मग म्हटलं वस्तीवरची पोरं. झाडाभोवती बाभळीचे काटे रचले, काट्यांच्या आत जमिनीवर पीठ पसरलं. पिठावर मुंगीचंसुद्धा पाऊल नाही, आणि कळ्या खाली. पिठावर. तोंड खाली.

एक कळी उचलून मी पाहिली. देठ तिरका. सालीचा धागा लोंबत होता.

मंडळी, इथे मी घाबरलो असं तुम्हाला वाटेल. खोटं सांगत नाही, मी चिडलो. म्हणजे बघा, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं? तुझ्याच मातीवर टाकायचीत ना फुलं? मी माझ्याच बायकोला फूल द्यायचं म्हणतोय आणि ती माझ्याच अंगणात येऊन ते हाणून पाडतेय. संसारात असंच चालायचं, पण म्हटलं निदान आता तरी...

याकोबला देठ दाखवला. त्याने तो उलटसुलट फिरवला, परत दिला आणि हळूच सुचवलं की दाजी, मागची दोन वर्षं तुमीच खुडत हुता, हाताला सवय लागली आसंल, झोपंत उठून जात आसाल. मी म्हटलं, लेका, मी कात्रीने कापायचो. ही कात्रीची खूण आहे का? तो म्हणाला, न्हाई. आणि लगेच म्हणाला, पन दाजी, तुमी सांगता म्हंजे... पुढचं बोलायची गरज नव्हती.

मग मी पुरावा तयार करायचं ठरवलं. तेलाच्या डब्यात मोगऱ्याची एक फांदी मार्थाने पूर्वी रुजवली होती, तिलाही कळ्या धरल्या होत्या. तो डबा उचलून घरात आणला, आतल्या खोलीत खाटेवर ठेवला, खिडकी लावली. याकोबला म्हटलं, कुलूप तू घाल, किल्ली तुझ्या खिशात ठेव. त्याने घातलं. आम्ही दोघं टेम्पो घेऊन नगरला गेलो, कांदा उतरवला, भेळ खाल्ली, दुपार कलताना परत. याकोबनेच कुलूप उघडलं.

कळ्या खाटेवर होत्या. डब्याभोवती.

याकोब दारातच उभा राहिला. छातीवर क्रूसाची खूण केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि आत न येता घरी गेला. मला वाटलं चला, साक्षीदार मिळाला. कसलं काय. वस्तीवर मी हे सांगायला लागलो की लोक याकोबकडे बघायचे आणि तो जमिनीकडे बघायचा. शेवटी एकाने विचारलंच की खरं का रं? तर हा म्हणतो, दाजींना लई दुःख झालंय. म्हणजे कुलूप त्याने लावलं, उघडलं त्याने, पाहिलं त्याने, आणि दुःख मला झालंय!

फादरांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मी मुद्द्याचं विचारलं, उपवासकाळात कबरीवर फुलं वाहायला बंदी आहे का? म्हणाले, मुळीच नाही, ती प्रथा वेदीपुरती आहे. मी म्हटलं, मग हे तिला सांगा. फादरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सायमनराव," ते म्हणाले, "आपण काही दिवस विश्रांती घ्यावी." मी म्हटलं फादर, विश्रांती मी घेतो, पण तुम्ही दर रविवारी सांगता की मेलेली माणसं उठणार. आणि एक बाई नुसत्या कळ्या खुडते म्हटलं तर मलाच विश्रांती? ते हसले नाहीत. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण मी ते दाखवलं नाही.

आता जे सांगतो ते एकदाच घडलं.

भर दुपार होती. मार्चचं ऊन, सावलीसुद्धा सावली शोधत होती. मी पडवीत स्टूल टाकून बसलो होतो, नजर एका कळीवर. तीच फांदी, तीच कळी, ठरवून. झाडापासून हातभर अंतरावर मी. पापणी लवायची म्हणून एक डोळा मिटला की दुसरा उघडा ठेवत होतो. तेवढ्यात झाडाच्या पलीकडून आवाज आला.

टिच.

नखाने देठ तुटल्याचा. हा आवाज मी तीस वर्षं ऐकलेला आहे, मला चहाच्या कपाचा आवाज आणि हा आवाज कुणी शिकवायला नको. मी उठून पलीकडे गेलो. कुणी नाही. खाली एक कळी. मग अलीकडून... टिच. मी अलीकडे. परत पलीकडून. मी वेग वाढवला, आवाजानेही वेग वाढवला. घाण्याचा बैल फिरावा तसा मी त्या झाडाभोवती फिरत होतो, अंगात बनियन, हातात स्टूल. स्टूल का उचललं होतं ते आजही सांगता येणार नाही. शेवटी दम लागला आणि मी थांबलो. पोटातून ओरडलो.

"मार्था, बस झालं! सात वर्षं दुखण्यात काढलीस, त्याने बघितलं नाही. आता तरी स्वतःसाठी एक फूल घे."

सगळं शांत झालं. मोगऱ्याचं पान हललं नाही. मला वाटलं ऐकलं. हळूहळू मी ज्या कळीवर नजर ठेवून बसलो होतो तिच्याकडे बघितलं. ती माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर वाकली. जरा थांबली, जशी मार्था बोटं दुखली की थांबायची. मग टिच.

आणि खाली पडली नाही. सावकाश गेली खाली, मुळाशी, आणि वळली. तोंड खाली.

मी स्टुलावर बसलो. इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. आणि सांगू का... राग होता, पण त्या दुपारी, त्या घरात, जानेवारीपासून पहिल्यांदा मी एकटा नव्हतो. भांडायला माणूस होतं. मी तिथंच बसून तिला अर्धा तास बोलत होतो. मागचं पुढचं सगळं काढलं. साबणापासून सुरुवात केली. मधूनमधून ती टिच करून उत्तर देत होती.

ईस्टरच्या आठवडाभर आधीचा झावळ्यांचा रविवार यायच्या आधी खुडणं थांबलं. दरवर्षी ती थांबायची तसंच. मी ओळखलं, आता ईस्टरची तयारी. झाडावर कळ्या अशा लागल्या की पानं दिसेनात. मोगऱ्याचा वास तिसगावच्या बाजारात लोकांना येऊन ते दुकानं बंद करून हुंगत उभे राहिले असं मी तेव्हा सांगत असे. ओढ्यापर्यंत येत होता, एवढं नक्की.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दिवस कलताना मी सगळ्या कळ्या तोडल्या. ओलं फडकं, पाटी, सगळं तिच्यासारखं. रविवारी सकाळी पाटी पांढरीशुभ्र. चर्चची घंटा वाजत होती, वस्ती नवे कपडे घालून निघालेली. वेदीवर फुलांची जागा मोकळी ठेवलेली होती, हे मला माहीत होतं, कारण हिराबाईसुद्धा, जी चर्चची नाही, तीसुद्धा आदल्या दिवशी विचारून गेली होती की मार्थाबाईची फुलं यंदा जाणार ना? मी पाटी डोक्यावर घेतली आणि चर्चच्या फाटकावरून पुढे टेकाडाकडे वळलो.

याकोब फाटकात उभा होता. म्हणाला, "दाजी, आक्काला आवडायचं न्हाई."

मी म्हटलं, "तिला आवडत नसेल तर ती येऊन अडवेल. तू बाजूला हो."

तो बाजूला झाला. माझ्याकडे बघून तो घाबरला होता की तिच्या वाटेतून बाजूला होत होता, मला कळलं नाही.

टेकाडावर कुणी नव्हतं. खाली मिस्सा सुरू झाली, गाण्याचा आवाज पत्र्यातून वर येत होता. मी पाटी तिच्या मातीवर उपडी केली. सगळी. एक फूल मागे ठेवलं नाही. मग बाजूला बसलो आणि म्हटलं, घे. आता काय करायचं ते कर. मला वाटलं होतं वारा सुटेल, फुलं उडतील, पाटी माझ्या डोक्यात बसेल, काहीतरी होईल. निदान एक फूल तोंड खाली करेल. मी तयार होतो. भांडणाचे सगळे मुद्दे तोंडपाठ करून गेलो होतो.

काही झालं नाही.

मिस्सा संपली, लोक एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देत घरी गेले, फादर लांबून माझ्याकडे बघत उभे राहिले आणि तेही गेले. ऊन चढलं. फुलं कडेने तांबूस व्हायला लागली. मग मी रिकामी पाटी घेऊन उतरलो.

मंडळी, मी जिंकलो. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि धडधडीत. याचा काही आनंद असतो असं मी ऐकून होतो.

त्यानंतर आवाज नाही. खुडलेली कळी नाही. त्या उन्हाळ्यात मोगऱ्याला दोन बहर आले, फुलं झाडावरच सुकली. मी म्हटलं, उपवासकाळ नाही ना, म्हणून. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी मी भल्या पहाटे पडवीत जाऊन बसलो, स्टूल टाकून. कळ्या आल्या. फुगल्या. उमलल्या. चाळीस दिवस माझं अंगण पांढरं होतं. वेदी उघडी आणि आमच्या घरी घमघमाट! हिराबाईच्या सुनांना मी मुद्दाम बोलावून गजरे करायला सांगितले. पडवीत उभा राहून मोठ्याने म्हटलं, न्या, पाहिजे तेवढे न्या, उपवासकाळ असला म्हणून काय झालं! आणि कान देऊन उभा राहिलो. त्या वर्षीची ईस्टरची फुलं मी स्वतः वेदीवर नेऊन ठेवली, म्हटलं बघ, तुझं झालं ना? तरी काही नाही.

याकोब म्हणतो तिला शांती मिळाली. फादर बदलून गेले, नवे आले, तेही तेच म्हणतात. मिळाली असेल. मला न विचारता मिळाली.

तुमच्यात कुणी शिकलेले, वाचलेले असतील. कळ्या कोण खुडत होतं, कुलपाच्या आत काय झालं, ते मला नका समजावू, ते मला पक्कं माहीत आहे. ती का थांबली, तेवढं कुणाला कळलं तर सांगा. रागावून गेली की राग संपला म्हणून गेली... मला अजून ठरवता येत नाही, आणि विचारायला गेलं तर झाड नुसतं फुलत सुटतं.